तसंच म्हणजे कसं?

४ ऑगस्ट, सोमवार

एकवीस दिवस! माझा अकरा पानांचा लेख माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांच्या, रिसबूड सरांच्या टेबलावर एकवीस दिवस पडून होता. आज परत मिळाला. अकरा पानांत सरांनी लाल पेन्सिलने लिहिलेले शब्द किती? तीन.

चौथ्या पानावर मी लिहिलं होतं की बिंदूंची संख्या विषम असली तरी तसंच सिद्ध होतं. त्याच्या समासात त्यांनी मराठीत लिहिलंय : ‘तसंच म्हणजे कसं?’

बस्स. स्तुती नाही, निंदा नाही, दिशा नाही.

माझं प्रमेय शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. बिंदूंचं एक जाळं आहे. प्रत्येक बिंदूला रंग द्यायचा, पण रेषेने जोडलेले दोन बिंदू एकाच रंगाचे नकोत. मी ज्या प्रकारच्या जाळ्यांवर काम करते ती कितीही मोठी असली तरी त्यांना चार रंग पुरतात. परीक्षांचं वेळापत्रक लावण्यापासून मोबाइलच्या टॉवरना लहरी वाटून देण्यापर्यंत याचा उपयोग आहे. आठ महिने घातलेत मी त्यात.

“सर, हैदराबादच्या परिषदेसाठी वीस तारीख शेवटची आहे.”

“कुठल्या महिन्याची?”

“याच.”

“बरं. हाताने एखादं जाळं काढून पाहिलंत का? लहानसं. तेरा बिंदूंचं वगैरे.”

“प्रोग्रॅमने बाराशे जाळी तपासलीत सर. एकही चुकलं नाही.”

“मग तेराचं अगदीच सोपं जाईल.”

मी सत्तावीस वर्षांची आहे. एम.एस्सी.ला विभागात दुसरी होते. आणि या गृहस्थांना मी बालवाडीतल्या पोरीसारखी टिंबं जोडत बसायला हवी आहे. मी तिथेच दोन शब्द सुनावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “नम्रताबाई, तुमचं नाव कोणी ठेवलं?”

“आत्याने.”

“आशावादी होत्या.”

६ ऑगस्ट, बुधवार

राग अजून उतरलेला नाही, तेव्हा लिहूनच काढते.

नव्याने संशोधन करणाऱ्याला या देशात काय शिकवतात? सहा महिने ‘संशोधन पद्धती’ नावाचा विषय असतो. त्याच्या परीक्षेत मला प्रश्न आला होता : ‘चांगल्या संशोधकाचे कोणतेही पाच गुण लिहा.’ मी जिज्ञासा, चिकाटी, तटस्थता, प्रामाणिकपणा आणि वेळेचं नियोजन लिहिले. दहापैकी नऊ मिळाले. एक का कापला देव जाणे, बहुधा वेळेच्या नियोजनाचा. पण एखादा लेख वाचायचा कसा, पहिल्याच पानावर अडलं तर काय करायचं, प्रश्न आपला आहे की दुसऱ्याने टाकून दिलेला हे ओळखायचं कसं, यातलं एक अक्षर कोणी सांगितलं नाही. ज्यांच्या घरी आईवडील प्राध्यापक आहेत त्यांना हे जेवताना कळतं. सेनगावहून आलेल्या मुलीने कुणाच्या ताटात डोकावायचं?

शाळेत आम्हाला गाईड मिळायचं, त्यात निदान उत्तरं छापलेली असायची. इथेही गाईड आहेत. तोंड मिटलेले.

प्रोग्रॅमवर त्यांचा विश्वास नाही, हा आणखी एक राग. इतका सुंदर प्रोग्रॅम आहे माझा! तो आधी एक जाळं बनवतो, त्याची हुबेहूब दुसरी प्रत काढतो, दोन्ही एकमेकांना जोडतो आणि मग रंग मोजतो. बाराशे वेळा चारच. आणखी काय हवं माणसाला?

११ ऑगस्ट, सोमवार

नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला ‘संशोधनाची सुरुवात’ या विषयावर बोलायला मला सांगितलं होतं. वक्तृत्वाच्या एकोणीस ढाली घरी आहेत म्हणून हे काम नेहमी माझ्याकडे येतं. पंचवीस मिनिटं बोलले. हातात कागद नव्हता. “जो प्रश्न विचारत नाही तो संशोधक नव्हे, लेखनिक आहे. कोणी कितीही मोठा असो, त्याच्या वाक्यावर बोट ठेवा आणि विचारा, हे कशावरून?” इथे टाळ्या पडल्या. शेवटी तर मुलं उभी राहिली.

रिसबूड सर मागच्या रांगेत होते. दारात गाठ पडली. “आवाज उत्तम,” म्हणाले आणि छत्री उघडून चालू लागले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज सरळ विभागप्रमुखांकडे गेले. डॉ. उत्तरेश्वर पवळे. आपल्या मराठवाड्यातले, परांड्याकडचे. केबिनमध्ये शिरताच “ये बेटा, बस” म्हणाले. आठ महिन्यांत रिसबूडांनी मला एकदाही ‘तू’ म्हटलेलं नाही. सारखं तुम्ही, तुम्ही. परक्याला ठेवतात तसं अंतरावर ठेवायचं.

पवळे सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, “पानं किती?”

“अकरा.”

“मग अडलंय कुठं? रिसबूड असेच. त्यांनी कित्येक पोरांची वर्षं खाल्लीत. आपल्याकडची पोरं मागं राहतात ती ह्यांच्यामुळं. तू पाठव. संस्थेतर्फे कुणाचं तरी नाव लागतं, माझं टाक. पहिलं टाक, म्हणजे वजन पडेल.”

लेख उघडून बघितला नाही. पण कामात होते, आणि भरवसा म्हणतात तो हाच. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर विश्वास टाकला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दोन कामं झाली.

एक, लेख हैदराबादला गेला. डॉ. उ. पवळे आणि नम्रता इंगोले. रिसबूडांचं नाव नाही. का असावं? तीन शब्दांचं?

दोन, संस्थेच्या तक्रार निवारण समितीकडे रिसबूडांविरुद्ध लेखी तक्रार दिली. मुद्दे पाच. भेटीची ठरलेली वेळ नाही. लेखावर कारणांसह अभिप्राय नाही. विद्यार्थिनीचा हेतुपुरस्सर छळ. काय वाचावं, कसं वाचावं याचं मार्गदर्शन नाही. मार्गदर्शकाने काय करणं बंधनकारक आहे याचा कुठे नियमच नाही.

 

२ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीत घरी गेले नाही म्हणून अण्णांचा फोन. अण्णा आमच्या गावच्या शाळेत प्रयोगशाळेत मदतनीस होते. तक्रारीचं सांगितलं तर घाबरले.

“सर वरडतेत का तुला?”

“नाही.”

“मंग काही वंगाळ बोलले?”

“नाही हो अण्णा. बोलतच नाहीत.”

“मंग तक्रार कशाची बाई?”

कसं समजावू?

३० सप्टेंबर, मंगळवार

लेख स्वीकारला! डिसेंबरात हैदराबादला जाऊन मांडायचा. दोन तज्ज्ञांनी तपासला. एकाने फक्त संदर्भयादीतला स्वल्पविराम दुरुस्त केलाय. दुसरा लिहितो, ‘मांडणी अत्यंत ओघवती, वाचक अडखळत नाही.’

पवळे सरांनी विभागात पेढे वाटले, स्वतःच्या नावाने. रिसबूडांनी एक पेढा घेतला आणि मला म्हणाले, “अभिनंदन. तेराचं काढलंत?”

मत्सर माणसाला किती लहान करतो!

५ ऑक्टोबर, रविवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते, नाहीतर उद्या मीच मला वेगळं काहीतरी सांगेन.

विश्रांतवाडीच्या या खोलीत माझ्याबरोबर कल्याणी राहते. अकोल्याची आहे, आयटीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. लोकांच्या चुका काढायचा पगार घेते असं मी तिला चिडवते. सकाळी मी हैदराबादच्या भाषणासाठी तक्ते काढत होते. पोह्यांची ताटली घेऊन ती मागे उभी राहिली.

“हे काय नंबर आहेत गं? आठ, बारा, अठरा, बावीस...”

“जाळ्यांतल्या बिंदूंची संख्या.”

“सगळे इव्हन कसे?”

“दोन सारख्या प्रती जोडून बनवलीत ना, म्हणून.”

“आणि ऑडवाले? ते कुठे टेस्ट केले?”

“विषम तसंच होतं.”

“तसंच म्हंजे? यार, असा टेस्ट डेटा मी दिला तर माझी टीम लीड मला सोलून काढेल.”

तिने पोह्यांवर लिंबू पिळलं आणि अंघोळीला गेली. मी खुर्चीतच बसून राहिले. बाराशे जाळी, आणि त्यांत एकही विषम नाही. असूच शकत नाही. कशाचीही दुप्पट केली की समच येते, हे मला दुसरीत माहीत होतं.

कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान फाडलं, त्याच्या पाठीवर तेरा टिंबं काढली. माझ्या नियमांप्रमाणे रेषा जोडल्या आणि एक, दोन, तीन, चार असे रंग देत गेले. बारा बिंदू रंगले. तेरावा चारही रंगांना चिकटलेला. खोडलं, पुन्हा दुसरीकडून सुरुवात केली. सात वेळा केलं. शेवटी ते जाळं हाताने भरून प्रोग्रॅमला दिलं. उत्तर आलं पाच.

माझं प्रमेय खोटं आहे.

ते अर्धवट नाही, दुरुस्त होण्यासारखंही नाही. खोटं आहे. आणि मी ते इतक्या छान भाषेत लिहिलं की दोन तज्ज्ञ त्यावरून घसरत निघून गेले. वाचक अडखळत नाही म्हणे! अडखळायला हवा होता. कुणीतरी अडखळायला हवं होतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

पवळे सरांना तेरा बिंदूंचं जाळं दाखवलं. त्यांनी कागद उलटा करून सप्टेंबर महिना पाहिला.

“हे काय आणलंस?”

“आपला लेख चुकीचा आहे सर. मागे घ्यावा लागेल.”

“चुकीचा नाही बेटा, अपूर्ण. स्वीकारलाय ना त्यांनी? मग चुकीचा कसा?”

“सर, इथे पाच रंग लागतात.”

“हैदराबादला कोण बिंदू मोजणारंय? लोक ऐकतात, चहाला जातात. पुढच्या लेखात सुधारून टाक, एकाचे दोन लेख होतील.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “सहामाही प्रगती अहवाल माझ्या सहीने जातो. मागं घेतलास तर दाखवायला काय आहे तुझ्याकडं? दोनदा ‘असमाधानकारक’ आलं की नोंदणी रद्द. आपली माणसं अशीच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात.”

आपली माणसं! चौदा ऑगस्टला ‘आपल्याकडची पोरं’ ऐकून माझे डोळे भरून आले होते. आज कळलं, या माणसाने माझ्यावर विश्वास टाकला नव्हता. त्याने वाचायचा कंटाळा केला होता. त्याचं नाव पहिलं आहे अशा खोट्या प्रमेयावर तो निवांत बसू शकतो, कारण ते प्रमेय काय आहे हेच त्याला माहीत नाही. आणि अशांच्या सहीवर नव्या मुलांची नोंदणी जगते-मरते!

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी अकरा वाजता परिषदेला पत्र पाठवलं. चार ओळी, सोबत जाळ्याची आकृती. लेख मागे घेतला. पवळ्यांना प्रत दिली, परवानगी मागितली नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

रिसबूड सरांकडे गेले. बसा म्हणाले, मी बसले नाही. कागद टेबलावर ठेवला. ते बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिले.

“छान आहे.”

“काय छान आहे सर? आठ महिने मातीत गेले.”

“हे जाळं छान आहे. तेरात काहीतरी बिघडेल असं वाटत होतं. कसं बिघडेल ते मला दिसलं नव्हतं.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं!”

“शंका होती.”

“मग बोलला का नाहीत?” माझा आवाज बाहेर कॉरिडॉरपर्यंत गेला असणार. “तीन शब्दांऐवजी तीस लिहिले असते तर तुमची पेन्सिल झिजली असती?”

“स्वतः शोधलं की पक्कं होतं. माझ्या गाईडांनीही मला दोन वर्षं सांगितलं नव्हतं.”

“आणि ते तुम्हाला आवडलं होतं?”

त्यांचं कागदावरचं बोट थांबलं.  

“नाही,” ते म्हणाले. “दुसऱ्या वर्षी सोडून निघालो होतो. बँकेची परीक्षा दिली होती.”

“मग तीच परंपरा आमच्या डोक्यावर कशाला?”

 खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती काही सुरू होईना. मला एकदम थकायला झालं. म्हटलं, “सर, तक्रार मागे घेते मी. चूक माझी होती.”

“का?” ते खरोखर दचकले. “लेख चुकीचा होता म्हणून मागे घेतलात. तक्रारीत कुठे चूक सापडलीय का?”

मी विचार केला. “नाही.”

“मग राहू द्या. तिसरा मुद्दा तेवढा काढा. हेतुपुरस्सर छळ म्हटलंय, त्याला पुरावा जोडलेला नाही.”

१६ ऑक्टोबर, गुरुवार

प्रगती अहवालाच्या फॉर्ममध्ये मार्गदर्शकाचा एक रकाना असतो. सगळे मार्गदर्शक तिथे ‘प्रगती चांगली आहे’ एवढंच लिहितात. आज मला माझा फॉर्म बघायला मिळाला. रिसबूड सरांच्या बारीक अक्षरात : ‘या सहामाहीत विद्यार्थिनीने एक प्रमेय खोटे ठरवले. प्रमेय तिचे स्वतःचे होते. अत्यंत समाधानकारक.’

खाली पवळ्यांची सही अजून नाही. क्लार्क म्हणाला, “साहेबांनी दोनदा वाचला मॅडम. काही वाचताना त्यांना मी पहिल्यांदाच बघितलं.”

३ नोव्हेंबर, सोमवार

समितीपुढे सुनावणी. अध्यक्ष डॉ. पूर्णिमा टिळेकर, रसायनशास्त्राच्या. मी चाळीस मिनिटांचं भाषण तयार ठेवलं होतं. इतिहासापासून सुरुवात, शेवटी आवाहन.

टिळेकर बाईंनी आधी रिसबूड सरांचा लेखी खुलासा वाचला. “‘पहिले, दुसरे, चौथे व पाचवे विधान बरोबर आहे. तिसरे विद्यार्थिनीने वगळले आहे.’ पुढे काहीच नाही. रिसबूड, हा खुलासा आहे?”

“हो.”

“बचाव काय तुमचा?”

“नाहीये.”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मग तुम्हाला नेमकं काय हवंय?”

चाळीस मिनिटं घशाशी आली आणि तिथेच विरली. समोरचा माणूस भांडतच नसेल तर भाषण कुणावर करायचं? मी म्हणाले, “आठवड्यातून एक तास. ठरलेल्या वेळी, फळ्यापाशी. आणि हे सगळ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी नियमात लिहून हवंय. मेहेरबानी म्हणून नको.”

“एक पुरणार नाही,” रिसबूड सर म्हणाले. “दीड लिहा.”

बाईंनी दीड लिहिलं. नियमाचा मसुदा पुढच्या बैठकीत येणार आहे. प्रगती अहवाल मार्गदर्शकाच्या शेऱ्यावर ग्राह्य धरावा असंही त्यांनी नोंदवलं, पवळ्यांनी सही करो वा न करो.

मी उठले नाही. “न वाचलेल्या लेखावर नाव लावणाऱ्या विभागप्रमुखांचं काय?”

“तो विषय आजच्या पत्रिकेवर नाही.”

“मग कुठल्या पत्रिकेवर येतो?”

“कुणी लेखी आणला तर पुढच्या,” बाई कागद गोळा करत म्हणाल्या. “पुराव्यासकट आणा.”

आणणारच. चौदा ऑगस्टच्या भेटीनंतर त्यांनी पाठवलेला मेल माझ्याकडे आहे : ‘माझं नाव पहिलं टाकायला विसरू नको.’ आणि त्याच तक्रारीत हेही लिहावं लागेल की ते नाव मी माझ्या हाताने टाकलं, खुशीने. हे वाक्य चार वेळा लिहून खोडलंय. पाचव्यांदा राहू दिलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला दीड तास.

सर साडेदहाला, म्हणजे साडेदहालाच आले. मी फळ्यावर लिहिलं, ‘समजा, एक जाळं आहे.’

“कुठलं?” सर.

वीस मिनिटं त्यात गेली. दुसऱ्या ओळीला पंचवीस. मी दोनदा चिडले. एकदा तर स्पष्ट सांगितलं की या वेगाने माझी डॉक्टरेट माझ्या नातवंडांना मिळेल. सर म्हणाले, “त्यांनाही तेरा बिंदूंपासूनच सुरुवात करायला सांगा.” दीड तासात साडेतीन ओळी झाल्या. साडेतीन! इतक्या वेळात मी तीन भाषणं ठोकली असती.

चौथ्या ओळीत मात्र मीच थांबले. सरांनी टोकलं नव्हतं. विषम जाळ्यांना पाच रंग तरी नक्की पुरतील का, हे पुढे लिहायचं होतं. तोंडात वाक्य तयार होतं, ओघवतं, टाळीचं. ते गिळलं. एकोणीस ढाली मिळवलेल्या बाईने फळ्यापाशी उभं राहून सांगितलं, “सर, हे मला येत नाही.”

“मलाही,” सर म्हणाले. मग उठले, माझ्या हातातला खडू घेऊन मधोमध मोडला आणि अर्धा मला परत दिला.